गुलाबचा गड्डा

गुलाब, काल तुझ्या गड्ड्यावरून गेलो. बस उडाली नाही.

मी सवयीनं समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. डोळे मिटले, दात आवळले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर नाल्यावरचा रपटा, तो बुटका पूल, मागं गेलेला, आणि बाजूला बसलेली बाई म्हणे, "बाबाजी, पोट दुखते काय?" मी म्हटलं, नाही बाई, सवय आहे. दांडी मात्र सोडली नाही. रामाकोना येईपर्यंत तशीच धरून बसलो. पायाशी पोतं होतं, त्यात वजन होतं. कंडक्टर दोनदा विचारून गेला, काय आहे म्हणून. त्याला सांगितलं नाही. तुला सांगीन, पण शेवटी सांगीन.

तू गेला त्याला आज सतरा दिवस झाले. मी चार वर्ग शिकलेला माणूस. मुकादमाचा मस्टर लिहिता येत होता, याच्यापलीकडं मी कधी काही लिहिलं नाही. आता लिहून राहिलो. पांढुर्ण्याच्या साप्ताहिकवाल्याला सांगून ठेवलं की जागा दे, पण शब्द बदलू नको. तो म्हणे, "बाबाजी, स्मृतिलेखात जन्म, शिक्षण, आप्तपरिवार येते." मी म्हटलं, ते तुझ्याजवळ ठेव. तुझा आप्तपरिवार म्हणजे मीच की. सरू माझ्या घरी, तिची लहान बहीण सिंधू तुझ्या घरी. मी मोठा साडू, तू लहान साडू. जन्मभर मी तुला अरेतुरे केलं आणि तू मला "भाऊ, तुमी" म्हणत राहिला. त्या 'तुमी'त किती टोचणी असायची ते तुला माहीत आणि मला माहीत.

वाचणाऱ्यांपैकी जुन्या लोकांना हा गड्डा सांगायला नको. सौसरकडून रामाकोन्याला येताना नाल्याच्या अलीकडं सडक एकदम खाली बसायची. गाडी भरधाव आली की माणसाचं डोकं टपाला लागायचं. जुने कंडक्टर आधीच ओरडायचे, "गुलाबचा गड्डा येऊन राहिला, धरून बसा!" नव्या नवऱ्या ओरडायच्या, म्हाताऱ्या हसायच्या. बाहेरगावच्यांना वाटायचं गुलाब म्हणजे कोणी मेला असेल तिथं. तू तर कितीदा त्याच बसमध्ये बसलेला असायचा. दांडी धरायचा, उडायचा, आणि खिडकीबाहेर पाहायचा.

त्या गड्ड्याला तुझं नाव मी दिलं. आज तेच सांगायला बसलो.

सडक काय असते ते आता लोकांना कळत नाही, गुलाब. घराच्या दारापासून थेट गोठ्यापर्यंत सिमेंट झालं. परवा आमच्या गल्लीत एक पोरगी पडली तर तिच्या गुडघ्याला माती लागली नाही, नुसतं खरचटलं. लोकांना वाटते सडक वरून येते, मशीनमधून बाहेर पडते. आपल्याला माहीत आहे ती खालून येते. खाली मोठे दगड हातानं बसवायचे. रुंद बाजू खाली, टोक वर, एकाला एक चिकटून. सांधीत कपच्या ठोकायच्या. त्याला आपण सोलिंग म्हणायचो. त्याच्यावर खडी, खडीवर मुरूम, मुरमावर पाणी, पाण्यावर रोलर. एक पावसाळा तिला तसंच राहू द्यायचं. मग कुठं डांबर. डांबराच्या दिवशी पायाला पोत्याचे चिंधे बांधून झारी घेऊन चालायचो, तरी तळवे भाजायचे. सिंधू आणि सरू डोक्यावर घमेली घेऊन तुझ्यामागं आणि माझ्यामागं. कपची संपली की तू मागं न पाहता हात पसरायचा आणि सिंधू बरोबर पाहिजे तेवढीच कपची हातावर ठेवायची. सरूनं मला एकदा लहान दिली तर मी चारचौघात ओरडलो. तू कधी ओरडला नाही.

दगड बसवण्यात तुझा हात सडकेवरच्या सगळ्या गँगमध्ये वरचा होता. हे मी तुझ्या जिवंतपणी कधी बोललो नाही. तू प्रत्येक दगडाची एक कड हातोडीनं उडवायचा, म्हणजे कपचीला बसायला घर होते. मग त्या दगडावर टाच ठेवून सगळं वजन टाकायचा आणि गोल फिरायचा. हालला तर उपटायचा. माझ्या बाजूला दहा दगड व्हायचे तेव्हा तुझे सात. मी म्हणायचो, "लग्नाची रांगोळी काढून राहिला काय बे?" तू म्हणायचा, "भाऊ, तुमचे दहा मोजा पुढच्या वर्सी."

आणि तुझं ते बैलाचं भांडण. तुझा बाप कापसाची गाडी घेऊन पांढुर्ण्याच्या जिनिंगला जायचा, तू लहानपणापासून गाडीच्या धुऱ्यावर बसलेला. त्यामुळं तुझं एकच म्हणणं, सडक माणसानं केली नाही, बैलानं केली. बैल पाण्याला गेला, तिथून वाट झाली. वाटेवरून गाडी गेली, गाडवाट झाली. आपण वरून दगड टाकला आणि नाव आपलं झालं. मला ते खपायचं नाही. माझा आजा दुष्काळात तिगावकडं खडी फोडायला होता. मापानं खडी दिली की धान्य मिळायचं. इकडची पहिली पक्की सडक त्या लोकांच्या हातची. मी म्हणायचो, माझ्या आज्यानं उपाशीपोटी दगड फोडला, बैलानं काय फोडलं?

तू म्हणायचा, "आज्यानं खडी फोडली, कबूल. पण टाकली कुठी? गाडवाटीवरच ना?"

आठवते तो नवा ओव्हरसियर? जेवणाच्या सुटीत बाभळीखाली बसून आपल्याला सडकेची कहाणी सांगायचा. फार जुन्या काळी दूरदेशी राजांनी फौज चालावी म्हणून दगडावर दगड बसवून सडका केल्या. राज्यं गेली, सडका मोडल्या. मग शेकडो वर्षांनी एका गोऱ्यानं सांगितलं, एवढे मोठे दगड कशाला, बारीक खडीच नीट दाबा, गाड्यांची चाकंच तिला बसवून देतील. मग इंग्रज आले, त्यांना आपल्याकडचा कापूस पाहिजे होता, त्यांनी नागपूरकडं सडका ओढल्या. मी छाती फुगवून ऐकत होतो. राजे, गोरे, इंग्रज, माझा आजा, आणि मी. तू भाकर चावून गिळली आणि विचारलं, "साहेब, त्या राजाच्या आधी तथून बैल गेला होता का नाही?"

ओव्हरसियरनं विचार केला. म्हणे, "गेला असेल."

तू माझ्याकडं पाहिलं. बस, पाहिलं फक्त. मला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

आता गड्ड्याचं सांगतो. मी तेव्हा नवा मुकादम झालो होतो. शिट्टी मिळाली होती. दोरी ताणायचं काम माझं होतं. दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणली की ती वाजायची. तिच्याकडं एका डोळ्यानं पाहिलं की मला वाटायचं, मोतीराम, ही जमीन आता तुझ्या म्हणण्यात आहे. नाल्याजवळ आलो तर जुनी गाडवाट सरळ न जाता वरच्या बाजूनं, मुरमाच्या टेकाडावरून, वळसा घालून नाल्यात उतरत होती. मधल्या सरळ जागेत काळी माती. उन्हाळ्याचे दिवस, माती दगडासारखी वाळलेली, भेगा पडलेल्या. मी दोरी सरळ ताणली.

तू खाली बसला. भेगेत हात घातला, कोपरापर्यंत गेला. म्हणाला, "भाऊ, बैल वरून काहून जाते सांगा बरं."

"बैलाले अक्कल नाही म्हून."

"पावसाळ्यात हे फुगते. मंग बसते. बैल फसला असन अथी कधीतरी, म्हून वरून जाते. एक त सडक वरून न्या, नाहीतर कमराइतकी माती काढून मुरूम भरा."

मी म्हटलं, "साहेब पंधरा दिवसात येऊन राहिला. मी नाल्यापर्यंत नेतो म्हणून सांगून बसलो. बैलाले विचारून सडक टाकू काय मी?"

सगळी गँग हसली. मला तेच पाहिजे होतं. तू पण हसला. मग उठला, हात झटकला आणि माझ्या दोरीच्या कडेनं दगड बसवायला लागला. ती शंभरेक पावलं दोघांनी मिळून केली, डावी बाजू तुझी, उजवी माझी. तू एक दगड कमीजास्त केला नाही. जिथं काम पटत नव्हतं तिथंही तू टाच ठेवून फिरला.

पहिल्या पावसाळ्यात सडक बसली. दोन्ही बाजूंनी बसली, पण डाव्या बाजूला उतार होता म्हणून तिकडं जास्त. मोठा साहेब जीपमधून उतरला. छत्री धरलेला चपराशी, ओव्हरसियर, सगळी गँग उभी. साहेबानं बुटानं पाणी उडवलं आणि विचारलं, "ये किसके हाथ का काम है?"

गुलाब, त्यानं मातीचं विचारलं नव्हतं. दोरीचं विचारलं नव्हतं. हाताचं विचारलं. आणि मला वाट दिसली. मी म्हटलं, "साहेब, डावी बाजू गुलाबच्या हातची. सोलिंग ढिलं राहिलं असेल."

तू माझ्याकडं पाहिलं. ओव्हरसियरकडं पाहिलं. मग जमिनीकडं पाहत उभा राहिला. एक शब्द बोलला असता तर मी खोटा पडलो असतो. अर्ध्या गँगनं तुझं बैलाचं बोलणं ऐकलं होतं. तेही बोलले नाहीत, कारण त्यांची शिट्टी माझ्या तोंडात होती. तू का बोलला नाही ते मला तेव्हा कळलं नाही असं मी स्वतःला सांगत आलो. कळलं होतं. मोठ्या साडूचं तोंड चारचौघात काळं होऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मस्टरवर तुझं नाव नव्हतं. ते मीच खोडलं, माझ्या हातानं, कारण लिहिता मलाच येत होतं. गँगमधले बाकीचे पुढं सरकारी नोकरीत कायम झाले. तू दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागेत आळे करत राहिला.

माणूस खोटं बोलते तेव्हा त्याला वाटते एकदाच बोललो. तसं नसते. ते मला दर पावसाळ्यात पुन्हा बोलावं लागलं. गड्डा पडायचा, कोणी विचारायचं, मी सांगायचो. पाच-सहा वर्षांत मला सांगायची गरज राहिली नाही, कंडक्टर सांगायला लागले.

आणि गड्डा भरायला माणसं कमी पडली की मी तुलाच निरोप धाडायचो, रोजानं. तू यायचा. तुझी जुनी हातोडी घेऊन यायचा. भर पावसात गड्ड्यात उतरायचा, आणि त्याच्यातही टाच ठेवून फिरायचा, जे चार महिन्यांत वाहून जाणार ते. वर टेकाडावरून गाड्या जायच्या. आपली पक्की सडक सोडून गाडीवाले पावसाळाभर जुन्या वाटेनंच वळसा घालायचे आणि नाल्याजवळ पुन्हा सडकेला लागायचे. तू कंबर सरळ करून त्यांच्याकडं पाहायचा. "भाऊ," म्हणायचा, "बैल अजून वरूनच जाते." बस, एवढंच. एवढ्या वर्षांत एवढंच बोलला.

मी त्यावरही तुझ्याशी भांडलो. म्हटलं, तो गाडीवाल्याचा भेकडपणा आहे.

मग गेली दिवाळी झाल्यावर मोठी मशीन आली. नवी सडक, दुप्पट रुंद, सिमेंटची. मी एका नातेवाइकाकडं चाललो होतो, बस तिथं थांबली, एका बाजूनं वाहनं सोडून राहिले होते. मी उतरलो. मशीननं कमराइतकं खोल खोदलं होतं. काळी माती उचलून बाजूला टाकून राहिली होती आणि मुरमाचे डंपर उभे होते. गुलाब, तू सांगितलं होतं तेच, तितकंच खोल. एक बारका इंजिनियर कानाला फोन लावून उभा होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्यानं मातीची परीक्षा करून आणली होती म्हणे. मी मनात म्हटलं, आमच्याकडं परीक्षा करणारा होता बापा, आम्ही त्याला मस्टरवरून काढला.

पण ते सोड. मी खड्ड्याच्या कडेला गेलो तर भिंतीत आपलं सोलिंग दिसलं. आडवं कापलेलं, जसं पोळीचे पदर दिसते तसं. माझ्या बाजूचे दगड इकडं तिकडं कललेले, मधात माती शिरलेली. तुझ्या बाजूचे सगळेच्या सगळे टोक वर करून उभे. सगळे मिळून खाली गेलेले, हातभर, पण एकमेकांना सोडलेलं नाही. कपच्या होत्या तिथंच. जमीन बुडाली, तुझं काम बुडालं नाही. एवढे ट्रक, एवढ्या बसा, एवढं पाणी, आणि एक दगड हाललेला नाही.

मशीनच्या ढिगातून मी तुझा एक दगड उचलला. कड उडवलेली होती, त्यावरून ओळखला. धुतला, पोत्यात घातला, घरी आणला आणि बाजेखाली ठेवला. सरूनं पाहिला. ती पण घमेली वाहिलेली बाई, तिला सांगावं लागलं नाही. म्हणे, "आता त जाऊन सांगा त्याईले. माह्या बहिणीच्या घराचं नाव गड्ड्याले लागलं, आन मी तुमच्या ताटात भाकर वाढत राहिली. आता नाही वाढली जात."

आलो मी. मृगाच्या बहाराची संत्री तोडायला आली होती, तुझ्या घराबाहेर ट्रक उभा होता, रस्ताभर सालीचा वास. तू बाजेवर. छातीत कफ, आवाज विहिरीतून आल्यासारखा. तुझ्या सुनेनं चहा दिला. मी म्हटलं, कसा आहे, तू म्हणाला, "आहो." मग तू म्हणाला, "भाऊ, कबूल करा आता. सडक बैलानं केली."

मी म्हटलं, "कबूल करीन त मोतीराम कायचा?"

तू हसला, ठसका लागला. सिंधूनं पाठ चोळली. थांबला आणि मग विचारलं, "खोदलं म्हणे तथी?"

"हो."

"दगड कसे दिसले?"

गुलाब, मी तेवढ्याचसाठी आलो होतो. तू स्वतः दार उघडून दिलं. बोलणारा तू, ऐकणारी सिंधू, आणखी कोणी नाही. मला 'उभे' एवढाच एक शब्द बोलायचा होता. माझ्या तोंडातून निघालं, "दगडासारखे दगड. कसे दिसतीन?"

तू म्हणाला, "हं." आणि डोळे मिटले.

मी आणखी घटकाभर बसलो. संत्र्याचा भाव बोललो. मग बस आहे म्हणून उठलो. चौथ्या दिवशी तू गेल्याचा निरोप आला.

मी थकलो आता. चालून नाही, सडक तर आता कुठंही जाते, बसून राहा फक्त. हे एवढं घट्ट धरून बसून थकलो.

तुझ्या तेरवीला मी बोलायचंच ठरवून आलो होतो. जेवणं झाली, लोक मांडवात बसले. एक जुना ड्रायव्हर उठला, डोळे पुसत म्हणाला, "गुलाबभाऊ देवमाणूस होते. त्याईचा गड्डा बी त्याईच्यासोबतच मिटला." लोक हळूच हसले, प्रेमानं हसले. सिंधू दाराआड बसली होती, तिनं मान खाली घातली.

मी उभा राहिलो. म्हटलं, "तो गड्डा त्याचा नव्हता. माझा होता. दोरी मी ताणली. मी साहेबाजवळ खोटं बोललो."

 मग कोणी काय केलं असेल? तुझ्या भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं उठून मला मिठी मारली. म्हणे, "बसा, बसा, मोतीरामजी. साडू गेला म्हून त्याचं सारं आपल्या अंगावर घेऊन राहिले. मोठं मन आहे तुमचं." दोन बायका रडायला लागल्या. कोणी पाणी आणलं. मी खरं बोललो आणि त्यांनी ते पण माझ्याच नावावर चढवलं.

म्हणून हे छापून राहिलो. मी शोकात नाही, मला ताप नाही, माझी बुद्धी शाबूत आहे. डावी बाजू गुलाबची होती आणि ती शेवटपर्यंत शाबूत होती. चूक मातीची आणि दोरीची, आणि दोरी मोतीरामाची. आता तिथं गड्डा राहिला नाही, तरी माणसाच्या तोंडात जागेचं नाव राहते. ज्याला ती जागा दाखवायची असेल त्यानं आजपासून मोतीरामचा गड्डा म्हणावं. कंडक्टर लोकांनाही सांगतो.

बैलाचं मात्र मी कबूल करत नाही. ते भांडण तसंच राहू दे. मी आलो की पुढं चालवू. नाहीतर तू तिथं एकटा काय करशील?

काल तुझ्या घरी गेलो ते पोतं घेऊन. सिंधूच्या दारासमोर पाणी सांडून सांडून जमीन खचली आहे, पाय टाकला की चिखल. ती म्हणे, "ते म्हणत होते दगड बसवून देतो. राहून गेलं." मी पोतं उघडलं. दगड पाहिला तिनं. हात लावला. उडवलेल्या कडेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

"हा तथचा आहे?"

"तथचाच. डाव्या बाजूचा. तुझ्या नवऱ्याचे सारे असेच उभे होते. मले विचारलं होतं त्यानं, तू बाजूलेच होती. मी सांगितलं नाही."

ती आत जाऊन खुरपं घेऊन आली.

मी दारात बसलो आणि जमीन उकरली. गुडघे वाजत होते, पण मी कोणाला हात लावू दिला नाही. दगड ठेवला, रुंद बाजू खाली, कडेनं माती दाबली, मुठीनं ठोकली. मागं सरकलो आणि म्हटलं, पाहा.

सिंधूनं चप्पल काढली. दगडावर टाच ठेवली, वजन टाकलं आणि फिरली. अगदी तुझ्यासारखी.

दगड हालला.

ती तशीच उभी राहिली. मग तिच्या तोंडाला जरासं हसू आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा असं तुझी सून नंतर म्हणे. "भाऊजी," ती म्हणाली, "त्याईचा नसता हालला."

"नसताच हालला," मी म्हटलं.

मी दगड उपटला, पुन्हा बसलो आणि मागं न पाहता हात पसरला. ती वाकली, अंगणात इकडं तिकडं शोधलं आणि पाहिजे तेवढीच एक कपची माझ्या हातावर ठेवली.